गळ, जाळे आणि बीडचे पाणी

माजलगाव धरणाच्या काठावर एखाद्या रविवारी दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण दगडावर बसून गळ टाकतो, दिवसभर बसतो आणि संध्याकाळी मासा मिळाला तर मासा, नाही तर नुसती गोष्ट घेऊन घरी जातो. दुसरा पहाटेच थर्माकोलच्या तराफ्यावरून पाण्यात शिरलेला असतो आणि आदल्या संध्याकाळी लावलेले जाळे उचलत असतो. दोघांना लागणारा मासा एकच असतो: रोहू, कटला किंवा चिलापी. मग नियमही दोघांना एकच असावा का? की हौसेचा मासा आणि पोटाचा मासा यांचा हिशेब वेगळा धरावा?

प्रश्न आजचा वाटतो, पण या प्रदेशात त्याची मुळे जवळजवळ नऊशे वर्षे मागे जातात.

बाराव्या शतकात बीडचा परिसर कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक असतो, पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. कोणता मासा कोठे राहतो, काय खातो, कोणाला कोणते आमिष लावावे, दोरी कशी असावी, मासा लागल्यावर त्याला कसे खेळवावे, याचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. खवल्यांचे मासे आणि बिनखवल्यांचे मासे, समुद्रातले आणि नदीतले, असे वर्गीकरणही आहे. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर छापले गेलेले पहिले प्रसिद्ध पुस्तक १४९६ चे, म्हणजे याहून साडेतीनशे वर्षांनी धाकटे.

प्रकरणाच्या नावातला ‘विनोद’ हा शब्द महत्त्वाचा आहे. राजाला मासा खायला हवा होता म्हणून तो गळ टाकत नव्हता. हत्तींच्या झुंजी, कुस्ती आणि शिकार यांच्या पंक्तीत त्याने मासे पकडणे बसवले. मात्र राजाला आमिषांची आणि माशांच्या सवयींची एवढी बारीक माहिती कोठून मिळाली असेल? नदीवर जन्म काढणाऱ्या माणसांकडूनच ती आली असणार. ती माणसे ग्रंथात नावानिशी येत नाहीत.

जी माणसे पोटासाठी मासे धरत, त्यांच्याकडे जुन्या राज्यव्यवस्था वेगळ्या नजरेने पाहत होत्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्षाच्या प्रकरणात मासेमारांनी पकडलेल्या माशांचा सहावा भाग नौकांचे भाडे म्हणून द्यावा, असे सांगितले आहे. ‘मत्स्यविनोद’ आणि हा नियम यांच्यात शतकांचे अंतर आहे, दोन्ही ग्रंथांची जातकुळीही निराळी. तरीही ते शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जाळे हा महसुलाचा विषय आहे आणि गळ हा करमणुकीचा. अपवाद सम्राट अशोकाचा. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असा आदेश आहे. त्यात राजा की कोळी, असा भेद नाही. विक्री बंद झाल्याचा चटका कोणाला बसला असेल, हे मात्र वेगळे सांगायला नको.

आता थेट एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण आजच्या नियमांची भाषा तेथे घडली. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला. १८३९ मध्ये त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीर माशाला शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘खुद्री’ हा शब्द स्थानिक बोलीतून उचललेला होता. ‘कोलस’, ‘मुसल्ला’ ही त्याने दिलेली इतर नावेही अशीच. म्हणजे मासेमारांची भाषा विज्ञानात गेली. मासेमार कायद्यात गेले तेव्हा मात्र त्यांची ओळख बदलली होती.

हा बदल समजण्यासाठी इंग्लंडकडे वळावे लागते. तेथे सॅमन माशाच्या रक्षणासाठी १८६१ मध्ये कायदा झाला. त्याने वर्षातील काही महिने मासेमारी बंद ठेवली. पण १ सप्टेंबरला जाळी बंद झाल्यानंतरही गळाला आणखी दोन महिने मोकळीक ठेवली. प्रवाहात रोवलेल्या सापळ्यांवर आणि बांधलेल्या जाळ्यांवर त्याचा विशेष रोख होता. नदीकाठचे जमीनदार गळ टाकत आणि गावातले लोक सापळे लावत, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की कायद्याची रेघ कोठून ओढली गेली ते कळते.

हिंदुस्थानात हाच विचार दोन माणसांनी लावून धरला. डॉ. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या वैद्यकीय सेवेतील शल्यचिकित्सक पुढे सरकारचा मत्स्य महानिरीक्षक झाला. गोड्या पाण्यातील मासेमारीवरचा त्याचा मोठा अहवाल १८७३ चा. त्याच वर्षी मद्रासचा सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ प्रसिद्ध झाले. हे पुस्तक गळाच्या शौकिनांचे जणू पाठ्यपुस्तक ठरले. बारीक विणीच्या जाळ्यांनी पिल्ले संपतात, ओढ्यांना बांध घालून चढणीचे मासे अडवले जातात, विष टाकून डोह नासवले जातात, अशा या मंडळींच्या तक्रारी होत्या.

या तक्रारी खोट्या नव्हत्या. पावसाळ्याच्या तोंडावर अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेला मासा सरसकट धरला तर पुढच्या वर्षी नदीत काय उरणार? जाळ्याची वीण मोठी असावी हा आग्रह शेवटी मासेमाराच्याच हिताचा आहे. गळाने एका वेळी एक मासा निघतो, हेही खरे. निसर्गाच्या हिशेबात गळ आणि जाळे समान नाहीत आणि म्हणून त्यांना वेगळे नियम लावण्यात मूलतः अन्याय नाही. अन्याय शिरतो तो पुढच्या पायरीवर: एकाचा नियम दुसऱ्याच्या सोयीने लिहिला जातो तेव्हा.

अहवालापासून कायद्यापर्यंत २४ वर्षे गेली. १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा झाला तेव्हा स्फोटके आणि विष यांवर बंदी आली. त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड ठरला. प्रांतिक सरकारांना रोवलेले सापळे, बांध, जाळ्यांचा प्रकार आणि विणीचे माप यांविषयी नियम करण्याचा अधिकार मिळाला. एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवण्याचाही. नियम मोडला तर सापळे आणि जाळी जप्त होऊ शकत. या यादीत गळाचा स्वतंत्र उल्लेख शोधावा तर तो सापडत नाही. ज्या साधनावर लक्ष ठेवायचे ते जाळे. गळ हा आपोआप निरुपद्रवी. सरकारी भाषेत गळवाला ‘खेळाडू’ झाला आणि बंदीच्या दिवशी जाळे टाकणारा गुन्हेगार.

गंमत अशी की हा कायदा बीडला कधी लागूच झाला नाही. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, राज्यघटनेनंतर हैदराबाद ‘ब’ वर्गातील राज्य ठरले. तरी १८९७ च्या कायद्याने ‘ब’ वर्गातील राज्यांचा प्रदेश आपल्या कक्षेबाहेरच ठेवला. हैदराबादने स्वतःचा मत्स्य कायदा केला होता तो फसली १३५६ मध्ये, म्हणजे १९४६-४७ च्या सुमारास, संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्राची स्थापना झाल्यावर १९६० चा राज्याचा मत्स्यव्यवसायविषयक कायदा आला. पुण्याच्या नदीला जो नियम सहा दशके ठाऊक होता, तो सिंदफणेला आणि बिंदुसरेला असा वळसा घालून भेटला.

तोवर बीडमधले पाणीच बदलू लागले होते, आणि कायद्यापेक्षा या बदलाने जास्त उलथापालथ केली.

मराठवाड्यातील भोई, कहार, कोळी या समाजांचा धंदा वाहत्या पाण्यावर होता: नाव चालवणे, पाणी भरणे, पालखी वाहणे, डोहात मासे धरणे. भोई आणि त्यांच्या पोटजाती महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या ‘ब’ यादीत आहेत. पाण्याच्या मागे फिरणाऱ्यांची ती नोंद आहे. मग धरणे आली. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. केज तालुक्यात धनेगावला मांजरेवर धरण झाले, सिंदफणेवर माजलगाव उभे राहिले. जायकवाडीचा उजवा कालवा माजलगावलाच पाणी पोचवतो. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून गावोगाव पाझर तलाव खोदले गेले. नदीत जेमतेम चार महिने टिकणारे पाणी आता तळ्यात वर्षभर थांबले.

थांबलेल्या पाण्याला मालक असतो. जलाशय ठेक्याने देण्याची पद्धत आली. मच्छीमारांच्या सहकारी संस्था नोंदल्या गेल्या. संस्थेने ठेका भरायचा, बोटुकली विकत आणून सोडायची, ती वाढेपर्यंत राखण करायची आणि मग सभासदांनी जाळी टाकायची. नदीतला मासा कोणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. तलावातला रोहू मात्र कोणीतरी पैसे देऊन सोडलेला आहे.

येथे जुने नाटक उलटे होते. इंग्रजी अमदानीत गळवाल्याकडे हक्क होता आणि जाळेवाला चोरटा ठरत होता. मुंबईत पवई तलावावर त्याची छाया अजून दिसते: तेथे गळाच्या शौकिनांची जुनी संघटना आहे, तिचे सभासद परवान्याने मासे धरतात आणि रात्री कोणी जाळे लावले तर ती चोरी समजली जाते. बीडच्या ठेक्याच्या तलावावर पारडे फिरते. कागद संस्थेच्या हातात असतो आणि रविवारचा गळवाला, कितीही निरुपद्रवी असला, तरी दुसऱ्याने पेरलेल्या शेतातली चार कणसे खुडत असतो. एकाच कृतीला पवईत छंद म्हणतात आणि माजलगावात नासधूस म्हणता येते. गळ आणि जाळे यांच्यात कोण अधिक न्याय्य, याचे उत्तर साधनात नाही. पाण्यावर नाव कोणाचे लागले आहे, यावर ते ठरत आले आहे.

हौस आणि पोट यांचा फरक कायद्याच्या चौकटीत उघडपणे तोलला गेल्याची एक नोंद पेंचच्या जंगलात आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवरील तोतलाडोह जलाशय राष्ट्रीय उद्यानात येतो; अशा जागी मासेमारीला वाव नसतो. मध्य प्रदेश सरकारने तेथून उठवलेल्या आदिवासींना ३०५ परवाने दिले आणि त्याला आव्हान मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये परवाने रद्द केले नाहीत. छायाचित्राची ओळखपत्रे, ठरलेल्या वाटा, जंगलात चूल पेटवायची नाही, अशा अटी घातल्या. जंगलाची हानी नाकारली नाही आणि माणसांची उपजीविकाही बाजूला सारली नाही. निकालात शौकिनांचा विषयच नव्हता, आणि कदाचित म्हणूनच तोल सांभाळणे सोपे गेले.

बीडमध्ये हा तोल आणखी एका गोष्टीने बिघडतो. तिचे नाव दुष्काळ.

२०१५-१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले. याच धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि ती गाडी साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिली. पिण्याच्या पाण्याची बातमी एवढी मोठी होती की धरणातल्या माशांकडे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते. पाणी आटते तेव्हा उरलेल्या डबक्यांत मासे दाटतात. काही दिवस जाळी भरून येतात, बाजारात भाव पडतो आणि मग तळ उघडा होतो. सोडलेल्या बोटुकलीचा खर्च तळाच्या चिखलात राहतो. गळ टाकणाऱ्याचे त्या वर्षी काही रविवार गेले. जाळ्यावर घर चालवणाऱ्याचे वर्ष गेले; ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांत आधीच दाटी असलेल्या जिल्ह्यात त्याला दुसरा धंदा शोधायचा होता.

२०१६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा पुन्हा भरले. भरलेल्या धरणात नवे बीज सोडावे लागते आणि ते विकण्याजोगे व्हायला बहुतेक वर्षभर थांबावे लागते. गळ घेऊन काठावर बसायला पहिला रविवारही पुरतो.