असेम्बल्ड गेमिंग संगणक

असेम्बल्ड गेमिंग संगणक म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, साठवण, एसएमपीएस व कॅबिनेट हे सुटे भाग स्वतंत्रपणे निवडून संगणकीय खेळांसाठी जोडून घेतलेला वैयक्तिक संगणक होय. एखाद्या कंपनीने कारखान्यात जोडून विकलेल्या संगणकात भागांचे प्रमाण उत्पादक ठरवतो, तर असेम्बल्ड संगणकात ते ग्राहक ठरवतो. त्यामुळे ठरावीक रकमेत अधिक कार्यक्षमता मिळवता येते. मात्र भागांची परस्परसुसंगती, वॉरंटी आणि भागांचा अस्सलपणा तपासण्याची जबाबदारीही ग्राहकावर येते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत असा संगणक बहुधा विद्यार्थी किंवा नोकरदार कुटुंब घेते आणि अभ्यास, कार्यालयीन काम व खेळ या तिन्हींसाठी तोच वापरला जातो.

पार्श्वभूमी

भारतात १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणामुळे संगणकाच्या सुट्या भागांची आयात सुलभ झाली. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला व करारातील वस्तूंवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. या काळात मुंबईतील लॅमिंग्टन रोड ही सुट्या भागांची प्रमुख बाजारपेठ बनली. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. तो पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्थानकाजवळ आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील शहरे असून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अनुक्रमे सुमारे ५८, ६० व ६८ किलोमीटर अंतरावर आहेत. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेले शहर असून ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला सध्याचे नाव मिळाले. लघुउद्योग व घाऊक व्यापार यांसाठी ते ओळखले जाते. या परिसरातील ग्राहकापुढे सामान्यतः तीन पर्याय असतात: स्थानिक किंवा कल्याणच्या दुकानातून संगणक जोडून घेणे, दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडवर जाणे, किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून भाग मागवणे. लॅमिंग्टन रोडवर भावांची तुलना करणे सोपे असते. मात्र एखादा भाग बिघडल्यास तो बदलून घेण्यासाठी तोच प्रवास पुन्हा करावा लागतो. त्यामुळे किमतीतील थोड्या फरकापेक्षा जवळचा विक्रेता काही वेळा अधिक फायद्याचा ठरतो.

खर्चमर्यादा व कर

सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. करासहित ६०,००० रुपयांच्या खरेदीत मूळ किंमत सुमारे ५०,८४७ रुपये व कर सुमारे ९,१५३ रुपये असतो. ‘कच्च्या’ बिलावर मिळणारी सवलत ही बहुधा या कराचीच रक्कम असते. असे बिल घेतल्यास ग्राहकाकडे खरेदीचा वैध पुरावा राहत नाही. भाग आयात होत असल्याने किमती रुपया–डॉलर विनिमय दरानुसारही बदलतात.

खर्चाची आखणी करताना एकूण रकमेतून प्रथम मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस व संचालन प्रणालीचा परवाना यांची रक्कम वेगळी काढली जाते. उरलेल्या रकमेतील सर्वांत मोठा वाटा गेमिंग संगणकात ग्राफिक कार्डाला दिला जातो. केवळ टॉवरसाठी ६०,००० रुपये उपलब्ध असल्यास एक नमुना विभागणी पुढीलप्रमाणे करता येते:

ग्राफिक कार्ड – २४,००० रुपये
प्रोसेसर – १०,००० रुपये
मदरबोर्ड – ८,००० रुपये
रॅम – ६,००० रुपये
एसएसडी – ५,००० रुपये
एसएमपीएस – ४,००० रुपये
कॅबिनेट – ३,००० रुपये

ही विभागणी बाजारभावानुसार बदलते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांकडून मागणी वाढल्याने जगभर रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. अशा काळात रॅमचा वाटा वाढवून इतर भागांत काटकसर करावी लागते. ग्राफिक कार्डाची खरेदी पुढे ढकलायची असल्यास अंतर्गत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन संगणक सुरू करणे व कार्ड नंतर बसवणे हा मार्गही अवलंबला जातो.

भागांची निवड

मॉनिटर: निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करणे तर्कसंगत मानले जाते, कारण ग्राफिक कार्डावरील भार पडद्यावरील बिंदूंच्या संख्येवर अवलंबून असतो. १९२० × १०८० पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, तर २५६० × १४४० पडद्यावर ३६,८६,४००, म्हणजे १.७८ पट. मर्यादित खर्चात पहिला पर्याय पुरेसा ठरतो.

ग्राफिक कार्ड: कार्डाची पिढी, स्मृती व विजेचा वापर हे निवडीचे मुख्य निकष आहेत. एनव्हिडिया आरटीएक्स ३०६० (२०२१) च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी स्मृती असून ते १७० वॅट वीज वापरते. आरटीएक्स ४०६० (२०२३) मध्ये ८ जीबी स्मृती असून वापर ११५ वॅट आहे. एएमडी आरएक्स ६६०० (२०२१) मध्ये ८ जीबी स्मृती व १३२ वॅट वापर आहे. इंटेल आर्क बी५८० (२०२४) मध्ये १२ जीबी स्मृती असली, तरी ‘रिसायझेबल बार’ ही सुविधा नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर त्याची कार्यक्षमता बरीच घटते.

प्रोसेसर: ‘आय५’ किंवा ‘आय७’ एवढ्या नावावरून प्रोसेसरची क्षमता कळत नाही. त्यासाठी त्याची पिढी पाहावी लागते. बाराव्या पिढीचा कोअर आय३-१२१००एफ चार कोअर व आठ थ्रेडचा, तर आय५-१२४००एफ व एएमडी रायझन ५ ५६०० हे सहा कोअर व बारा थ्रेडचे आहेत. इंटेलच्या नावातील ‘एफ’ हे अक्षर अंतर्गत ग्राफिक्स नसल्याचे दर्शवते. असा प्रोसेसर घेतल्यास ग्राफिक कार्डाशिवाय पडद्यावर काहीही दिसत नाही. रायझन ५ ५६००जी मध्ये मात्र अंतर्गत ग्राफिक्स आहे.

मदरबोर्ड: मदरबोर्डच्या सॉकेटवर पुढील अद्ययावतीकरण अवलंबून असते. एएमडीचा एएम४ सॉकेट (२०१६) डीडीआर४ रॅम वापरतो, तर एएम५ (२०२२) केवळ डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० (२०२१) साठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, परंतु एका बोर्डवर एकाच प्रकारची रॅम बसते. एएम४ वर आज कमी खर्च होतो, तर एएम५ वर नवीन प्रोसेसर बसवण्याची संधी राहते. जुन्या बी४५० बोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवण्यापूर्वी बायोस अद्ययावत असणे आवश्यक असते.

रॅम: १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्यास दुहेरी वाहिनी कार्यान्वित होते. अंतर्गत ग्राफिक्स हे मुख्य रॅमच वापरत असल्याने तेथे हा फरक विशेष जाणवतो.

साठवण: साटा एसएसडीचा वेग प्रतिसेकंद सुमारे ५५० एमबीपर्यंत, तर पीसीआयई ३.० वरील एनव्हीएमई एसएसडीचा सुमारे ३,५०० एमबीपर्यंत असतो. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येताना पडणारा फरक मोठा असतो. दोन प्रकारच्या एसएसडींमधील फरक खेळ सुरू होण्याच्या वेळेत त्या मानाने कमी जाणवतो.

एसएमपीएस: काटकसर बहुधा याच भागात केली जाते आणि तीच सर्वाधिक धोक्याची ठरते, कारण निकृष्ट एसएमपीएस बिघडल्यास इतर भागही निकामी होऊ शकतात. ६५ वॅटचा प्रोसेसर, १७० वॅटचे कार्ड व इतर भागांचे सुमारे ६० वॅट धरल्यास भार ३०० वॅटच्या आसपास जातो. क्षणिक वाढ लक्षात घेऊन त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो. २००४ मध्ये सुरू झालेले ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र वीज रूपांतरणाची कार्यक्षमता दर्शवते. ते संरक्षण परिपथांच्या दर्जाची हमी देत नाही.

कॅबिनेट: मदरबोर्डचा आकार व कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावणे आवश्यक असते. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ × २४४ मिलिमीटरपर्यंतचा असतो.

स्थानिक परिस्थितीचा परिणाम

हवामान: बदलापूर परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. कॅबिनेटमधील हवा खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे, पुढून हवा आत घेणारे व मागून बाहेर सोडणारे कॅबिनेट येथे अधिक योग्य ठरते.

पूर: २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराचे पाणी या परिसरात शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली होती. सखल भागातील तळमजल्याच्या घरांत कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवल्यास नुकसान टळू शकते.

वीजपुरवठा: या शहरांना महावितरणकडून २३० व्होल्ट वीज मिळते. यूपीएसवर लिहिलेला व्हीए हा आकडा वॅटइतका नसतो. ०.६ शक्तिगुणकाचा ६०० व्हीए यूपीएस फक्त ३६० वॅट भार पेलतो. ३०० वॅटच्या टॉवरसोबत मॉनिटरही जोडल्यास तो क्षमतेच्या टोकाला जातो, म्हणून १,००० व्हीए (६०० वॅट) यूपीएस अधिक सुरक्षित समजला जातो. घरातील अर्थिंग सुस्थितीत असणेही आवश्यक असते. खेळताना ३०० वॅट वापर व रोज तीन तास धरल्यास महिन्याला २७ युनिट वीज लागते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनुसार वाढत असल्याने हे युनिट कुटुंबाच्या वापराच्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने आकारले जातात.

फसवणुकीचे प्रकार

कमी किमतीत ‘आय५ गेमिंग संगणक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही संचांत एच६१ मदरबोर्ड व २०११–१२ मधील दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर चालते व तिला टीपीएम २.० आवश्यक असते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘व्हॅलोरंट’सारखा खेळही विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट सुरू असल्याखेरीज चालत नाही. त्यामुळे अशा संचावर खर्च केलेली रक्कम पुढील अद्ययावतीकरणात उपयोगी पडत नाही. त्यातील मदरबोर्ड, प्रोसेसर व डीडीआर३ रॅम तिन्ही बदलावे लागतात.

दुसरा प्रकार बनावट ग्राफिक कार्डांचा आहे. जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये फेरफार करून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याची उदाहरणे आहेत. जीपीयू-झेड या विनामूल्य प्रणालीने कार्डाची खरी चिप ओळखता येते. तसेच १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची कार्यपद्धती बदलून ग्राफिक कार्डांद्वारे होणारे त्याचे खनन थांबले व सतत वापरलेली अनेक कार्डे सेकंडहँड बाजारात आली. अशी कार्डे निरुपयोगीच असतात असे नाही, परंतु त्यांचे पंखे, तापमान व उर्वरित वॉरंटी खरेदीपूर्वी तपासली जाते. सेकंडहँड खरेदीत विक्रेत्यासमोर कार्ड काही काळ पूर्ण भारावर चालवून पाहणे हा सर्वांत साधा उपाय होय.

वॉरंटी व ग्राहक हक्क

असेम्बल्ड संगणकाला एकत्रित वॉरंटी नसते, तर प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. पेटीबंद प्रोसेसरला इंटेल व एएमडी सामान्यतः तीन वर्षांची वॉरंटी देतात. ‘ट्रे’ प्रोसेसरची हमी बहुधा फक्त विक्रेत्याची असते. समांतर मार्गाने आयात झालेल्या भागांना भारतातील सेवा केंद्र वॉरंटी नाकारू शकते. म्हणून जीएसटी क्रमांक व प्रत्येक भागाचा अनुक्रमांक नोंदवलेले पक्के बिल घेणे महत्त्वाचे ठरते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला तो राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे बदलापूरच्या ग्राहकाने परराज्यातील ऑनलाइन विक्रेत्याकडून खरेदी केली असली, तरी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

निकामी भागांची विल्हेवाट ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येते. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणकर्त्यामार्फत पुनर्चक्रीकरण त्यांत अपेक्षित आहे.

हेही पहा

वैयक्तिक संगणक
ग्राफिक कार्ड
मदरबोर्ड
लॅमिंग्टन रोड
उल्हासनगर
अंबरनाथ
बदलापूर
ई-कचरा