कात्रीने कापलेला शिक्का

गोष्ट १९६९ च्या ऑक्टोबरमधली. लॉस एंजेलिसमधल्या एका जाहिरात कंपनीच्या ऑफिसात रात्री झेरॉक्सचे यंत्र चालू असायचे. एकेक कागद काचेवर ठेवायचा, बटण दाबायचे, कागद उचलायचा. हे करीत होते डॅनियल एल्सबर्ग, ‘रँड’ या संशोधन संस्थेतले अभ्यासक. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा यंत्रापाशी मदतीला असे, आणि दहा वर्षांची मुलगी कात्रीने कागदांवरचा ‘अतिगुप्त’ हा शिक्का कापून काढत असे. आपण लवकरच तुरुंगात जाणार, तेव्हा बापाने हे काम डोके शांत ठेवून केले होते, हे मुलांनी पाहिलेले असावे, असे त्यांना वाटत होते.

हा गृहस्थ काही जन्माचा बंडखोर नव्हे. हार्वर्डचे अर्थशास्त्र शिकलेला, नौसैनिकांच्या मरीन दलात अधिकारी राहिलेला. १९६४ मध्ये तो संरक्षण खात्यात आला, मग दोन वर्षे व्हिएतनाममध्ये खेडोपाडी हिंडून अमेरिकेच्या मोहिमेचे काय चालले आहे ते पाहत राहिला.

१९६७ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी या युद्धाचा १९४५ पासूनचा इतिहास लिहवून घेतला. ४७ खंड, सुमारे ७,००० पाने. लेखकांत एल्सबर्गही होते. तोवर त्यांची समजूत अशी, की राष्ट्राध्यक्षांना खोटी आशा दाखवली जाते. खरा अहवाल वर पोचला, की युद्ध थांबेल. अभ्यासकाचा सगळा धंदाच या समजुतीवर उभा असतो! सगळे खंड वाचल्यावर ती कोसळली. खरे अहवाल वर पोचलेच होते. १९५० मध्ये ट्रुमन यांनी फ्रेंचांना शस्त्रे आणि पैसा द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून धोक्याचे इशारे मिळत होते, आणि तरी प्रत्येक अध्यक्ष पुढचे पाऊल टाकत गेला.

मी कवितेचा माणूस, टक्केवारीशी माझे फारसे जमत नाही. पण त्या कागदांतले एक टिपण विसरता येत नाही. एल्सबर्ग यांचे वरिष्ठ मॅकनॉटन यांनी मार्च १९६५ मध्ये युद्धाचे हेतू मांडले होते: ७० टक्के अमेरिकेची मानहानी टाळण्यासाठी, २० टक्के चीनला तो प्रदेश मिळू नये म्हणून, आणि दक्षिण व्हिएतनामच्या माणसांना बरे जगता यावे यासाठी १० टक्के.

१३ जून १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे कागद छापायला घेतले. सरकार कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयात हरले. एल्सबर्ग यांच्यावर ११५ वर्षांच्या कैदेची टांगती तलवार होती. पण सरकारच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात चोरून शिरकाव केल्याचे उघड झाले आणि मे १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच काढून टाकला.

जून २०११ मध्ये अमेरिकी सरकारने ते ४७ खंड स्वतःहून खुले केले. एल्सबर्ग तेव्हा ८० वर्षांचे होते.