वेदनाहर लेपपट्ट्या
वेदनाहर लेपपट्ट्या : त्वचेवर चिकटविल्यावर आपल्यातील औषधाने वेदना कमी करणाऱ्या कापडी वा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्यांचे दोन प्रकार आहेत व ते मुळातच भिन्न आहेत. पहिल्या प्रकारात औषधाचे कार्य लावलेल्या जागीच व्हावे, असा हेतू असतो (उदा., मिथिल सॅलिसिलेट, डायक्लोफेनॅक, लिडोकेन, कॅप्सैसिन). दुसऱ्या प्रकारात त्वचा हे केवळ प्रवेशद्वार असते आणि औषध रुधिरावाटे मेंदूपर्यंत पोहोचते (उदा., फेंटॅनिल, ब्युप्रेनॉर्फिन). ‘बाहेरून लावलेले औषध पोटात जात नाही, म्हणून ते निर्धोक’ ही लोकसमजूत दुसऱ्या प्रकाराच्या बाबतीत उघडच चुकीची आहे. पहिल्याच्या बाबतीतही ती पूर्णपणे खरी नाही. रोगी पोटात घेत असलेल्या औषधांशी लेपपट्टीतील द्रव्याची परस्परक्रिया होते, हे वैद्यकाच्या ध्यानात फार उशिरा आले.

लेपाचा वापर मात्र अतिप्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायात प्रलेप, प्रदेह व आलेप असे तीन भेद सांगितले आहेत. लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, म्हणजे औषध नीट टिकते, रोमकूपांत शिरते आणि स्वेदवाहिन्या व सिरामुखे यांच्या द्वारा त्याचे वीर्य शरीराला मिळते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्वचेतून शोषण होते ही कल्पना त्या काळी होती, याचा हा निःसंदिग्ध पुरावा होय. लेप रात्री लावू नये, वाळलेला लेप अंगावर राहू देऊ नये, शिळा लेप वापरू नये, हे नियमही त्याच अध्यायात आढळतात. पुढे शार्ङ्‌गधराने दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे भेद करून लेपाची जाडी अनुक्रमे पाव, तृतीयांश व अर्धा अंगुल ठरवून दिली. म्हणजे मात्रेचाही विचार झाला होता.

मराठवाड्यात या परंपरेला दुसरा प्रवाह येऊन मिळाला. धाराशिव तालुक्यातील बेंबळी व त्याच्या आसपासचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे वैद्यांबरोबर युनानी हकिमांचीही औषधे चालत. युनानीत जाड लेपाला झिमाद व पातळ लेपाला तिला म्हणतात. घरगुती उपचार याहून साधे होते : मुक्या मारावर आंबेहळद व रक्त्याबोळ सहाणेवर उगाळून लावणे, सुजेवर निरगुडीचा पाला वाफवून बांधणे, गुडघ्यावर तेल लावून रुईचे किंवा एरंडाचे पान गरम करून बांधणे व वरून विटेचा शेक देणे. खुरपणी, ज्वारीची काढणी आणि ऊसतोड यांसाठी तासन्‌तास वाकून राबणाऱ्यांच्या कंबरेला एवढाच आधार असे. या वनस्पतींचे गुणधर्म मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या वनौषधिगुणादर्श आणि डॉ. वामन गणेश देसाई यांच्या औषधीसंग्रह या ग्रंथांतून संकलित झाले आहेत.

यांपैकी दोन वनस्पतींचा विचार येथे मुद्दाम केला पाहिजे. बिब्ब्याचे तेल त्वचेला लागल्यास फोड येतात व ती सोलवटते. अशा त्वचेवर नंतर कोणतेही मलम वा पट्टी लावल्यास शोषण अनेक पटींनी वाढते. दुसरी वनस्पती धोत्रा. हिची पाने तेल लावून सांध्यावर बांधतात. तिच्यातील ॲट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे यूरोपातील बेलाडोना या वनस्पतीतही असतात. बेलाडोनाची लेपपट्टी ब्रिटिश औषधिकोशात समाविष्ट होती व हिंदुस्थानातील इंग्रजी दवाखान्यांतही ती पाठदुखीवर वापरली जाई. खरचटलेल्या त्वचेवर ही पट्टी लावली, तर बाहुल्या विस्फारणे, घसा कोरडा पडणे व भ्रम ही विषबाधेची लक्षणे दिसत. वृद्ध रोगी आज जी औषधे घेतात त्यांतील अनेकांची, उदा., मज्जातंतूंच्या वेदनांवरील अमिट्रिप्टिलीन किंवा सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामीन यांची, क्रिया याच दिशेने होते. दोन्ही एकत्र आल्यास मूत्रावरोध होतो व काचबिंदू बळावतो. धोत्र्याच्या पानाची कोणीही औषधात गणना करीत नसल्याने रोगी त्याचा उल्लेख करीत नाही.

लेपाची पट्टी झाली ती एकोणिसाव्या शतकात. १८४५ मध्ये विल्यम शेकट व होरेस डे यांनी अमेरिकेत रबरयुक्त चिकट पट्टीचे एकस्व मिळविले. १८९३ मध्ये काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत अमृतांजनाचे उत्पादन सुरू केले आणि वेदनाहर बाम हा घरोघरचा जिन्नस झाला. जपानमधील हिसामित्सू कंपनीची सॅलोनपास ही पट्टी १९३४ सालची. या उत्पादनांतील एक प्रमुख घटक मिथिल सॅलिसिलेट हा ॲस्पिरिनाच्याच कुळातील आहे. भारतीय वेष्टनांवर तो पुष्कळदा ‘गंधपुरा तेल’ या नावाने छापलेला असतो. हे नाव शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे नाही, पण ॲस्पिरीन वर्ज्य असलेल्या रोग्याला त्यावरून काहीही बोध होत नाही. या तेलाच्या चहाच्या एका चमच्यात (५ मिलि.) सु. ७ ग्रॅ. ॲस्पिरीनाइतके सॅलिसिलेट असते. २००७ मध्ये न्यूयॉर्क येथे एका धावपटू मुलीचा मृत्यू अशा मलमांच्या अतिवापराने झाल्याचे शवचिकित्सेत आढळले.

परस्परक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण वॉरफॅरिनाचे आहे. कॅनडात व अमेरिकेत कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्याचा शोध घेताना विस्कॉन्सिन येथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत डायकुमेरॉल हे द्रव्य मिळाले. त्यावरून तयार झालेले वॉरफॅरीन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून व १९५४ पासून मनुष्यासाठी क्लथनरोधक औषध म्हणून वापरात आले. १९८९ व १९९० मध्ये हाँगकाँगमधील डॉक्टरांनी असे दाखविले की, वॉरफॅरीन घेणाऱ्या रोग्यांनी मिथिल सॅलिसिलेटाचे मलम चोळल्यास क्लथनाचा काळ धोकादायक प्रमाणात लांबतो. सॅलिसिलेट रुधिरातील बिंबाणूंचे कार्य मंदावते, वॉरफॅरिनाला प्रथिनांपासून अलग करते आणि मोठ्या मात्रेत के जीवनसत्त्वाच्या विरुद्धही कार्य करते, अशी त्याची कारणमीमांसा केली जाते. भारतात हा प्रश्न अधिक व्यापक आहे. संधिवाताच्या ज्वराने हृदयाच्या झडपा निकामी झालेले रोगी येथे पुष्कळ आहेत. त्रिवेंद्रम येथे विकसित झालेली चित्रा ही देशी कृत्रिम झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम बसविण्यात आली. धातूची किंवा तत्सम कृत्रिम झडप बसविलेल्याला वॉरफॅरीन वा ॲसेनोकुमेरॉल जन्मभर घ्यावे लागते. असा रोगी शेतात राबून आल्यावर पाठीला बाम चोळतो व शेकही घेतो. उष्णतेने त्वचेतील रुधिरप्रवाह वाढतो व औषधाचे शोषण झपाट्याने होते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग पडणे, काळी शौचाला होणे ही लक्षणे मग दिसू लागतात. त्यांचा संबंध बामाशी जोडला जात नाही. गोळीची मात्राच चुकली असे मानले जाते.

अशा बामांच्या विक्रीवर फारसे नियंत्रण नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘के’ नुसार परवानाधारक विक्रेता नसलेल्या आणि एक हजारापर्यंत वस्ती असलेल्या खेड्यांत वेदनाहर बाम विनापरवाना विकता येतात. बेंबळीसारख्या मोठ्या गावाला ही सूट लागू होत नाही. परंतु आयुर्वेदीय म्हणून नोंदविलेल्या बामांच्या विक्रीला परवानाच लागत नसल्यामुळे तो किराणा दुकानातही मिळतो.

डायक्लोफेनॅकाच्या पट्टीतून रुधिरात जाणारी मात्रा गोळीच्या मानाने अत्यल्प असते. तथापि रोगी पट्टी लावून त्याच औषधाची गोळीही घेत असेल, तर मूत्रपिंडावर पडणारा भार वाढतो. विशेषतः रक्तदाबावरील व लघवी वाढविणारी औषधे किंवा मिथोट्रेक्सेट चालू असताना ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. लिडोकेनाच्या ५ टक्के पट्टीत ७०० मिग्रॅ. औषध असते व त्यातील सु. ३ टक्केच शोषले जाते. मेक्सिलेटिनासारखी हृदयाची लय सुधारणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र ती जपून वापरावी.

दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यांचा उगम एका वेगळ्याच निरीक्षणात आहे. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांचे डोके सुटीनंतर पहिल्या दिवशी दुखे, कारण नायट्रोग्लिसरीन त्यांच्या त्वचेतूनही शरीरात शिरे. आलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या आल्झा कंपनीने या मार्गाचा पद्धतशीर उपयोग केला. १९७९ मध्ये स्कोपोलामिनाची व १९९० मध्ये फेंटॅनिलाची पट्टी अमेरिकेत मान्य झाली. फेंटॅनिलाचा रेणू लहान (रेणुभार सु. ३३६) व मेदविद्राव्य असल्याने तो त्वचेच्या शृंगस्तरातून सहज पार होतो. एक पट्टी ७२ तास पुरते. ती काढल्यावरही त्वचेत साठलेले औषध कित्येक तास झिरपत राहते. त्यामुळे चूक लक्षात आली तरी ती तत्काळ सुधारता येत नाही.

फेंटॅनिलाचा निचरा यकृतातील ‘सीवायपी ३ए४’ या एंझाइमाने होतो. क्लॅरिथ्रोमायसीन, कीटोकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल आणि एचआयव्हीवरील रिटोनॅव्हीर ही औषधे या एंझाइमाला अडवितात. फेंटॅनिलाची रुधिरातील पातळी चढते व श्वसन मंदावते. कर्करोग्याच्या तोंडात बुरशी होणे नेहमीचेच, आणि तिच्यावर फ्लुकोनॅझोल दिले जाते. याउलट क्षयरोगावरील रिफॅम्पिसीन हे एंझाइम वाढविते. पट्टी लावूनही वेदना थांबत नाहीत, म्हणून मात्रा वाढविली जाते आणि क्षयाचे उपचार संपताच तीच मात्रा जास्त ठरते. बहुऔषधरोधी क्षयावरील लिनेझोलिडाचाही फेंटॅनिलाशी संयोग टाळावा लागतो. झोपेच्या गोळ्या व मद्य यांनी श्वसनावरील परिणाम वाढतो, हे सांगावयास नकोच. शरीराचे तापमान ४०° से. झाल्यास फेंटॅनिलाची पातळी सु. एकतृतीयांशाने वाढू शकते, असा अंदाज आहे. तापात किंवा शेक घेताना ही बाब महत्त्वाची ठरते.

बेंबळीच्या परिसरातील कर्करोग्यांना सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळचे आहे. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांची ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ मध्ये सुरू झाली. रोग उशिरा उघडकीस येणाऱ्या भागात वेदनाशमनाची गरज मोठी असते. पण अमली औषधी द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५ यामधील परवान्यांच्या जाचामुळे प्रबळ वेदनाशामके दीर्घकाळ दुर्मिळच राहिली. २०१४ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली व २०१५ मध्ये मॉर्फीन, कोडीन, मेथॅडोन यांसह सहा द्रव्ये ‘आवश्यक अमली औषधे’ म्हणून अधिसूचित करण्यात आली. फेंटॅनील हे त्यांपैकी एक आहे. वापरून काढलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते, म्हणून चिकट बाजू आत येईल अशी तिची घडी घालून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने नष्ट करतात.