राजाजीनगर १९६३: बॉनेटखालची लाल माती

आधी पायांकडे बघा. चपला, पँटची दुमड, अंगठ्याचं नख, सगळं लाल झालं आहे. आता मान वर करा. मेट्रोचा पूल नाही. इस्कॉनचं मंदिर दिसायला हवं तिथे उघडा खडक आहे आणि त्याच्या भेगांत झुडपं. साल १९६३. राज्याचं नाव अजून म्हैसूर, खिशातल्या नाण्यांवर ‘नये पैसे’. राजाजीनगर वसवायला १९४९ मध्ये सुरुवात झाली, पण अजून मधे मधे बरीच मोकळी जागा आहे. एकीकडे कारखान्यांच्या शेड, दुसरीकडे बैठी घरं, आणि मधल्या कच्च्या रस्त्यांवरून एक लॉरी गेली तरी पाच मिनिटं पलीकडचं घर दिसत नाही.

भोंगा वाजतो. किर्लोस्कर इलेक्ट्रिकची पाळी सुटली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव रवी यांनी १९४६ मध्ये ही कंपनी बंगलोरात काढली, आणि तिच्याबरोबर मराठी माणसंही इथे आली. सायकलींच्या लोंढ्यात कन्नड, तमिळ आणि मधेच सांगलीकडचं ठसकेबाज मराठी ऐकू येतं. कारखान्याच्या या जागेवर पुढे ओरायन मॉल येणार आहे. त्याच्या तळघरात गाडी लावायला तुम्ही घिरट्या घातल्या असतील, पण आत्ता इथे विजेच्या मोटारींच्या वार्निशचा आणि तापलेल्या तांब्याचा वास आहे.

‘अहो, जरा बाजूला व्हा. गाडी आत घ्यायचीय.’

काळी अँबॅसडर पत्र्याच्या शेडमध्ये शिरते. चालवणारे गृहस्थ उतरतात. अंगात बुशशर्ट, मनगटावर नवंकोरं एचएमटी. तुम्ही मराठी बोलताय हे कळताच पहिला प्रश्न येतो, ‘कुठले तुम्ही?’ गावाचं नाव सांगून होईपर्यंत मेस्त्रीने बॉनेट उघडलेलं असतं.

‘काका, काय बिघडलंय?’ तुम्ही विचारता.

‘बिघडलं काही नाही. पण उद्या पहाटे किर्लोस्करवाडीला निघायचंय. त्याआधी फिल्टर धुवायचा.’

इंजिनाच्या डोक्यावर बसलेला काळा गोल डबा म्हणजे तो फिल्टर. तुमच्या ओळखीची कागदी घडी त्यात नाही. मेस्त्री मधला नट सोडवतो, जाळीसकट झाकण उचलतो आणि खालची वाटी उजेडात धरतो. वाटीत तेल असतं, म्हणजे असायला हवं. आत्ता तिथे तांबूस काळा रबरबीत गाळ आहे. मेस्त्री तो चिमटीत घेऊन चोळतो आणि हात तुमच्यापुढे करतो. तुम्हीही चोळून बघा. करकर लागते.

या करकरीपाशी थोडं थांबायला हवं. बंगलोर ज्या खडकावर बसलं आहे त्याचा एक उंचवटा लालबागेत उघडा दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला द्वीपकल्पीय नाइस म्हणतात आणि त्याचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं सांगतात. असा खडक ऊन-पावसाने कुजतो तेव्हा त्यातलं लोह गंजून मातीला लाल रंग देतं, फेल्डस्पारची चिकणमाती होते, आणि क्वार्ट्झचे कण मात्र जसेच्या तसे उरतात. सिलिंडरच्या बिडापेक्षा ते कठीण असतात. इंजिनात शिरले की तेलाच्या पातळ थरात मिसळून ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासत राहतात. मग कॉम्प्रेशन उतरतं, निळा धूर येतो आणि शेवटी इंजिन खोलावं लागतं. तुम्ही साठेक वर्षं मागे आलात खरे, पण तुमच्या अंगठ्यावर जे लागलं आहे ते त्याहून फार जुनं आहे.

आणि इंजिन हवा पितं तरी किती! समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वरच्या या गावात हवा विरळ आहे. इथे एक लिटर पेट्रोल नीट जळायला जवळपास १०,००० लिटर हवा लागते. ती सगळी या डब्यातूनच जाते.

मेस्त्री बोट फिरवून तुम्हाला हवेचा रस्ता दाखवतो. हवा कडेने आत येते, सरळ खाली तेलाकडे झेपावते आणि तेलापाशी एकदम उलटी वळून वर जाते. हवा हलकी, ती वळते. धुळीचा जड कण वेगात असतो, त्याला वळता येत नाही, तो तेलात जाऊन आदळतो. बारीक कण वर निसटले तर तारेच्या जाळीत अडकतात, कारण हवेबरोबर उडालेल्या तेलाच्या तुषारांनी जाळीही ओली असते. तिथून ते तेलाबरोबर ठिबकत पुन्हा वाटीत येतात. इंजिन मंद चालत असलं की हवेला जोर नसतो आणि थोडी धूळ सुटते, हा या रचनेचा खरा उणेपणा. चांगला कागदी फिल्टर तिच्याहून जास्त धूळ अडवतो, यात वाद नाही.

तरी या शेडमध्ये उभं राहिल्यावर ती रचना इथे का टिकली ते कळतं. परकीय चलनाची टंचाई आहे, सुट्या भागांसाठी आयात परवान्यांच्या मागे लागावं लागतं. उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स बनवत असलेली ही गाडी मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या या फिल्टरला बदलायचा भागच नाही. थोडं रॉकेल, थोडं इंजिन ऑइल आणि ज्याला कंटाळा नाही असा माणूस मिळाला की झालं.

तो माणूस आता उकिडवा बसला आहे. गाळ त्याने जुन्या डब्यात ओतून ठेवला. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना तो फासतात. जाळी रॉकेलच्या घमेल्यात बुडते, वर येते, पुन्हा बुडते. पहिलं रॉकेल लाल होतं, दुसरं फिकट. तिसऱ्यांदा ते स्वच्छ राहिल्यावर तो जाळी झटकून उन्हात उपडी घालतो. तुम्ही घाईने उचलायला जाता.

‘स्वल्प इरी, सार,’ तो म्हणतो. जरा थांबा. जाळीत रॉकेल राहिलं तर ते ठिबकून वाटीतलं तेल पातळ करतं.

वाटी पुसायला तो धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा घेतो, कॉटन वेस्ट नाही, कारण त्याचे धागे मागे राहतात. मग कॅनमधून तेल. वाटीच्या आत पातळीची खूण आहे. काकांना वाटतं, लांबचा प्रवास आहे, दोन बोटं जास्त असलेली बरी. मेस्त्री कॅन मागे घेतो. ‘जास्ती बेड, सार.’ जास्त नको. खुणेच्या वर गेलेलं तेल इंजिन ओढून घेतं आणि जाळतं. खुणेच्या खाली राहिलं तर हवा तेलाला पुरेशी भिडत नाही.

झाकण बसवण्याआधी तो जे करतो ते तुम्ही नीट पाहून ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. वॉशर बोटाने चाचपतो. कार्बोरेटरकडे जाणारी नळी वाकवून तिला चीर नाही ना ते बघतो. क्लिप आवळतो. फिल्टर लखलखीत आणि नळीला चीर असली, तर सगळी मेहनत वाया जाते. हवा चिरेतून शिरते आणि धूळही. तुमच्या काळात हीच गाडी व्हिंटेज ठरेल. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांना पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं दिली, आणि गाडी मूळ रूपात हवी ही अटही घातली. तरी हा डबा काढून उघडा, चमकदार फिल्टर बसवणारे भेटतात. आवाज भारी येतो म्हणतात. मला ते पटत नाही. हा डबा धूळ अडवतो, हवा ओढण्याचा घरघराट दाबतो, आणि शंभर वर्षांनीही रॉकेलने धुता येईल असा आहे. तो तसाच ठेवावा.

मेस्त्री हँडल मारतो. इंजिन पकडतं, आधी अडखळत, मग सलग. काका मान तिरपी करून ऐकतात आणि विचारतात, ‘आता परत आल्यावरच उघडायचा ना?’

मेस्त्री रस्ता बोटांवर मोजतो. तुमकूर, चित्रदुर्ग, हरिहर, हुबळी, बेळगाव. रस्ता अरुंद आहे, समोरून लॉरी आली की चाकं मातीत उतरणार, आणि पुढच्या लॉरीची सगळी धूळ मागच्या गाडीने प्यायची. नाही, तो सांगतो, रोज मुक्कामाला पोचलात की झाकण उघडून बघा. वाटीच्या तळाशी गाळाचा थर जाड झाला असेल तर तिथेच धुवा.

‘रोज?’ काकांचा चेहरा पडतो.

‘रोज, सार.’ मेस्त्री रॉकेलची बाटली, तेलाचा छोटा कॅन आणि धोतराचा उरलेला तुकडा डिकीत टाकतो. मग तो तुमच्याकडे वळतो, नटाला लागणारा पाना तुमच्या हातात देतो आणि विचारतो, तुम्ही बरोबर जाताय ना?

तुम्ही मागचं दार उघडून बसता.