रजोनिवृत्ती : दैनंदिन जीवन व काम

बीजकोशांचे कार्य मंदावून मासिक पाळी कायमची थांबणे म्हणजे रजोनिवृत्ती. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या सुमारास. त्याआधीची काही वर्षे पाळी अनियमित होते, कधी अंगावरून फार जाते. त्रास बहुधा याच वर्षांत सुरू होतो, आणि मुलांची बारावी, सासू-सासऱ्यांची दुखणी, नोकरीतली बढती हे सारेही याच वर्षांत येते.

गरम वाफा हे सर्वांत ओळखीचे लक्षण. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले, की मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे तापमान किंचित वाढले तरी उष्णता बाहेर टाकू लागतो. छातीतून वाफ उठते, मान आणि चेहरा तापतो, धडधडते, दरदरून घाम सुटतो. दोन-चार मिनिटांनी ओसरताना थंडीही वाजते. रात्री असे दोन-तीनदा झाले, की झोपेचे खोबरे होते. मग सकाळी शब्द जिभेवर येऊन अडतो, हिशेब चुकतो, चिडचिड होते. ‘हल्ली हिचे लक्ष नसते’ असे घरचे आणि वरिष्ठ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा तिची झोपच झालेली नसते.

कामाच्या जागी लागते ते फार थोडे : पंख्याजवळची जागा, पिण्याचे पाणी, सुती गणवेश, गरज पडल्यास काही महिने रात्रपाळीतून सूट. सर्वांत अडते ते स्वच्छतागृहापाशी. शाळेत ते गलिच्छ, बसस्थानकात बंद. म्हणून शिक्षिका आणि महिला वाहक पाणीच कमी पितात. या वयात योनिमार्ग कोरडा पडल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग आधीच सहज होतो. कमी पाण्याने तो वाढतो.

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, दूध, कोवळे ऊन आणि रोजचे चालणे यांचीही जोड हवी. वाफांवर सर्वांत गुणकारी उपचार संप्रेरकांचाच. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा संप्रेरकांच्या मिश्रणाचा भाग स्तनकर्करोगाचा धोका दिसल्याने थांबवला गेला आणि जगभर भीती बसली. त्यातील बऱ्याच स्त्रिया साठीच्या पुढच्या होत्या. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास निरोगी स्त्रीला तोट्यापेक्षा फायदा अधिक, असे आज मानले जाते. स्तनकर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा विकार असल्यास मात्र हा उपचार सहसा देत नाहीत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी लगेच तपासून घ्यावे.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत दुखरी बाजू बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मजुरीचा एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला, तर दंड. उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून दवाखाना गाठला, की ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हा सल्ला. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. ते ठेवले तरी ती काही वर्षे लवकर येऊ शकते. इस्ट्रोजेनमुळे हाडे आणि हृदय यांना मिळणारे संरक्षण तितके आधी संपते, आणि मोळी मात्र तीच उचलायची असते.

ब्रिटनमध्ये त्रास गंभीर आणि दीर्घकालीन असेल, तर २०१०च्या समता कायद्यानुसार मालकाला कामात योग्य ते बदल करावे लागू शकतात. तेथील समता आयोगाने २०२४ मध्ये तसे मार्गदर्शन दिले. भारतात रजोनिवृत्तीसाठी स्वतंत्र कायदा नाही. २०२५पर्यंत लागू असलेला १९४८चा कारखाने अधिनियम पिण्याचे पाणी, खेळती हवा आणि स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहे सक्तीची करत असे. साखर कारखाना त्यात येत असे, उसाचा फड येत नसे. उपचारांचेही तसेच : ज्यांचे बीजकोश पंचेचाळिशीआधी काढले गेले, त्यांना अडचण नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असा वैद्यकीय प्रघात आहे. फडावर कोयता चालवणाऱ्या बाईला हे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही.