मुदत संपल्यावर

ई-रीडरवर एखादे पुस्तक फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत मिळाले की त्याचे श्रेय आपण यंत्राला देऊन टाकतो. इतिहास तसे सांगत नाही. जर्मनीत ९ नोव्हेंबर १८३७ पूर्वी वारलेल्या लेखकांच्या ग्रंथांवरचे हक्क ९ नोव्हेंबर १८६७ रोजी संपले. ग्योटे १८३२ मध्ये गेलेला, शिलर तर १८०५ मध्येच. तरी तोवर त्यांच्या ग्रंथांवर श्टुटगार्टच्या कोटा प्रकाशनाची पकड होती. लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाने हा दिवस हेरून ठेवला आणि ग्योटेच्या ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागाने आपल्या ग्रंथमालेचा आरंभ केला. किंमत ठेवली दोन सिल्बरग्रोशन. वेगवान छापखाने आणि स्वस्त कागद यांचा हातभार लागला, हे खरेच. पण ते आदल्या दिवशीही होते. रातोरात बदलला तो कायदा.

संगणकाच्या काळातही हेच घडले. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्टने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला आणि त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभे राहिले. किंडल बाजारात आले ते २००७ मध्ये, म्हणजे फुकट पुस्तकांचे भांडार त्याहून छत्तीस वर्षांनी जुने. हे भांडार अडले ते यंत्रामुळे नव्हे. अमेरिकेने १९९८ मध्ये हक्कांची मुदत वीस वर्षांनी वाढवली, तेव्हा १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेली पुस्तके मोकळी व्हायला २०१९ उजाडले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ही मर्यादा होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार म्हणून ती साठ वर्षांवर नेली गेली. त्यांचे हक्क बाळगणाऱ्या विश्वभारतीसाठी झालेल्या या बदलाची झळ मराठी वाचकालाही लागली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, आणि ‘श्यामची आई’ २००१ ऐवजी १ जानेवारी २०११ रोजी सर्वांची झाली. ही दहा वर्षे कुठल्या लेखकाच्या पोटाला लागली?

यावर कुणी म्हणेल, फुकटाची चटक लागली की जिवंत लेखक मरतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आज हयात असलेल्या लेखकाचे पुस्तक पीडीएफ करून गटागटांत फिरवणे ही चोरीच आहे. मराठीत आवृत्त्या लहान निघतात, तिथे ती अधिकच लागते. पण म्हणूनच मुदतीची रेघ स्पष्ट आणि वाजवी हवी. मुक्त काय आणि चोरलेले काय हे वाचकाला कळत नसेल, तर तो दोन्ही सारखेच उतरवून घेतो.

मुदत संपली म्हणजे पुस्तक हाती आले, असेही नाही. हरी नारायण आपटे १९१९ मध्ये गेले. त्यांच्या कादंबऱ्या केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. पण जुन्या मराठी पुस्तकांची बहुधा पानांची छायाचित्रेच मिळतात, आणि सहा इंची पडद्यावर त्यातले अक्षर मुंगीएवढे होते. ते मोठे करता येण्यासाठी मजकूर अक्षरशः पुन्हा टंकावा लागतो, किंवा यंत्राने ओळखलेला मजकूर ओळीओळीने तपासावा लागतो. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक हेच करतात: एका बाजूला पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला दुरुस्त करायचा मजकूर. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, पण आपट्यांच्या काळच्या छपाईत ते पानोपानी आहेत. यंत्र कधी ते टिंब गाळते, कधी कागदावरच्या डागालाच अनुस्वार समजते. मग तपासणाऱ्याला प्रत्येक टिंबापाशी थांबून ठरवावे लागते की हे आपट्यांचे, की कागदाचे.