आखाजीचा डाव आणि हिदायतुल्ला यांचा निकाल

जळगाव-धुळ्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघरी आमरस होतो आणि पुरुष मंडळी पत्त्यांचा डाव मांडतात. एरवी पत्त्यांना हात न लावणारेही या दिवसांत डावाला बसतात. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत जुगार अड्ड्यांवरच्या छाप्यांच्या बातम्याही येतात. एकाच खेळाला सणाचा मान आणि पोलिसांची धाड, दोन्ही कसे? आपल्या मुस्लिम घरांत हा प्रश्न बहुधा ‘पत्ते हराम’ एवढ्या दोन शब्दांत मिटवला जातो. पत्त्यांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

डावातले शब्दच पाहा. बादशाह, गुलाम, हुकूम. हे शब्द फारसी-अरबीतून आपल्या बोलीत आले. इंग्रजी पत्ते येण्याआधी हिंदुस्थानात गंजिफा खेळली जात होती. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केले आहे. हाच अबुल फजल पुढे अकबराच्या खान्देश मोहिमेत होता. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकींचे खान्देशातले राज्य संपले.

मुघल गंजिफा ८ रंगांची, ९६ पानांची. महाराष्ट्रात तिचेच १० रंगांचे, १२० पानांचे दशावतारी रूप रुजले. विष्णूच्या प्रत्येक अवताराचा एक रंग. सावंतवाडीत अशी गंजिफा आजही हाताने रंगवतात. दरबारी फारसी खेळात मत्स्य, कूर्म, वराह येऊन बसले, आणि खेळ दोघांचाही झाला.

रमी मात्र या घराण्यातली नाही. गंजिफात हात जिंकायचे असतात, रमीत पाने जुळवायची असतात. मेक्सिकोत एकोणिसाव्या शतकात खेळला जाणारा कॉन्क्वियन हा तिचा पूर्वज मानला जातो. आपल्याकडे रुळली ती १३ पानांची रमी. किमान दोन सिक्वेन्स लागतात, त्यातला एक जोकरच्या मदतीशिवाय.

नवशिक्याची नजर आधी स्वतःच्याच हातातल्या पानांवर खिळलेली असते. हळूहळू त्याला कळते की निम्मा खेळ टाकलेल्या पानांत आहे. समोरच्याने बदामची सत्ती उचलली, तर आपली बदामची अठ्ठी जपून ठेवायची. कोणती पाने येऊन गेली ते लक्षात ठेवायचे. सुरुवातीलाच काही जुळत नसेल तर डाव सोडून २० गुण अंगावर घ्यायचे, कारण हट्टाने बसून राहिले तर तेच ८० पर्यंत जातात. पाने नशिबाने येतात. कोणते ठेवायचे, कोणते टाकायचे, ते डोक्याने ठरते.

हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६३ मध्ये सिकंदराबादच्या क्रेसेंट नावाच्या क्लबवर पोलिसांनी छापा घातला. तिथे पैशाने रमी चालू होती. खटला वर वर जात १९६७ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, आणि १९६८ मध्ये देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश. त्यांनी सांगितले की तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. रमी तशी नाही, तिच्यात पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कौशल्याचा भाग मोठा असतो. आरोपी सुटले.

निकालाचा एवढाच भाग पुढे जाहिरातींनी उचलला. ‘रमी हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी मोबाइलवर ऐकले आहे. त्याच निकालात पुढे म्हटले होते की जागेचा मालक किंवा क्लब पैशाने चाललेल्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेणारे ॲप याहून वेगळे काय करत होते? अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्यात ठेवला नाही.

कुरआनने मनाई केली ती ‘मैसिर’ला, म्हणजे जुगाराला. बिनपैशाच्या पत्त्यांबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत, आणि बरेच जण तेही टाळायला सांगतात. ज्याला टाळायचे त्याने जरूर टाळावे. पण मुलाला नुसते ‘पत्ते हराम’ सांगून भागत नाही. फोनवर ना पत्त्यांचा जोड दिसतो, ना मधे ठेवलेली रक्कम. पैसे खात्यातून जातात आणि घरच्यांना ते महिनोन्‌महिने कळतही नाही. मनाई पैजेला का आहे आणि त्या पैजेतून कमावतो कोण, हे त्याला समजावून सांगितले पाहिजे. उद्या वेगळ्याच नावाचा, पत्ते नसलेला एखादा खेळ फोनवर आला, तरी तो त्यातली पैज ओळखेल.